काचेवरचा दुसरा कागद

हॉलिस प्रूइट फेब्रुवारीत गेले आणि त्यांची गाडी एप्रिलमध्ये आली.

फोन आला तेव्हा लीटा आईच्या घरी वडिलांचं कपाट आवरत होती. शर्टांचे दोन ढीग करायचे असं तिनं ठरवलं होतं, ठेवायचे आणि देऊन टाकायचे. देऊन टाकायच्या ढिगात अजून एकही शर्ट पडला नव्हता. शोरूममधल्या मुलीला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. "मिस्टर प्रूइट आहेत का? त्यांच्यासाठी फार छान बातमी आहे!"

"मला सांगा, मी त्यांना..." म्हणता म्हणता लीटा थांबली. मग सावरून म्हणाली, "मी त्यांची मुलगी. सांगा."

ॲश्बी हे ओहायो नदीकाठचं टेकड्यांवरचं गाव. तिथल्या शाळेत हॉलिसनी जन्मभर मुलांना गाडी चालवायला शिकवलं. गाव त्यांना 'कोच' म्हणायचं. शाळेच्या गाडीला शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक होता आणि कोचचा उजवा पाय कायम त्या ब्रेकवर तरंगत असायचा. संध्याकाळी घरी आले की बाहेर जायला ते किल्ली वांडाकडे, बायकोकडे टाकायचे. "दिवसभर पोरं माझ्या जिवावर उठलेली असतात. आता तू ने." असा हा माणूस, हजारोंना गाडी शिकवून स्वतः आयुष्यभर दुसऱ्याच्या शेजारी बसला.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच चैन केली. दोनच सीटची स्पोर्ट्स कार, गर्द हिरवी, हातानं गिअर टाकायची. शोरूमच्या जुन्या मालकाशी हात मिळवून सौदा केला. कारखाना काचेवर जो कागद चिकटवतो, त्यावरची किंमत. ना एक डॉलर वर, ना एक डॉलर खाली. नंबर लागायला वर्ष उलटलं. मधल्या काळात म्हाताऱ्या मालकानं शोरूम शहरातल्या एका मोठ्या कंपनीला विकून टाकलं आणि फ्लोरिडा गाठलं. कोच मात्र रोज सकाळी कॉफी पिताना वांडाला सांगायचे, "पहिली चक्कर तलावापर्यंत. मी चालवणार, तू नुसतं बसायचंस. आणि ब्रेक असल्यासारखा पाय दाबायचा नाही."

मायलेकी शोरूममध्ये गेल्या तेव्हा गाडी मधोमध उभी होती. लीटानं आधी तिच्याकडे पाहिलंच नाही, काचेकडे पाहिलं. कारखान्याचा कागद होता. त्याच्या शेजारी पिवळ्या रंगाचा दुसरा कागद होता, शोरूमनं स्वतः छापलेला: 'बाजारभावातला फरक, वीस हजार डॉलर.'

नवा मॅनेजर बॉलिंजर लगबगीनं आला. चाळिशीचा, गुळगुळीत दाढी, शर्टावर कंपनीचं नाव. त्यानं वांडाचा हात दोन्ही हातांत घेतला. "मिसेस प्रूइट, तुमचं दुःख मी समजू शकतो."

"तुम्ही भेटला होतात का त्यांना?" वांडानं विचारलं.

"नाही, पण फार ऐकलंय."

"हा पिवळा कागद काय आहे?" लीटानं विचारलं.

"बाजाराची परिस्थिती आहे हो. असल्या गाड्या वर्षाला मोजक्या येतात. मागणी प्रचंड."

"सौदा छापील किमतीला झाला होता."

"तो मिस्टर प्रूइट यांच्याशी. आणि दुर्दैवानं ते..." त्यानं योग्य तेवढा थांबा घेतला. "त्यांची अनामत आम्ही परत पाठवलीय. आता गाडी सगळ्यांना खुली आहे."

"ह्या वीस हजारांत जास्तीचं काय मिळतं?"

"गाडी मिळते," बॉलिंजर हसून म्हणाला.

"ती तर शेजारच्या कागदातच मिळतेय."

"हे बघा, कोचच्या घरच्यांसाठी मी दोन हजार सोडतो. माझ्या खिशातून समजा. पण लवकर ठरवा. शनिवारी कोलंबस शहरातून एक डॉक्टर येतोय बघायला."

लीटानं तेवढ्यात गाडीत डोकावून पाहिलं. गिअरच्या दांड्यावरचं प्लास्टिकही कोणी काढलं नव्हतं. तिनं आईच्या दंडाला धरलं आणि दोघी बाहेर पडल्या.

परत येताना वांडा गाडी चालवत होती, नेहमीप्रमाणे जरा जास्तच हळू. सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "घेऊन टाकू."

"मॉम!"

"विम्याचे पैसे आलेत. त्यांचं करायचं काय मी? लोणचं घालू?"

"प्रश्न पैशांचा नाही."

"माझाही नाही. त्यानं रंग निवडायला तीन आठवडे लावले, लीटा. हिरव्या रंगाचे नमुने माझ्या पडद्यांना लावून बघायचा. ती गाडी कुणा डॉक्टरच्या गॅरेजमध्ये गेलेली मला बघवायची नाही."

"डॅडी गेलेत म्हणून भाव वाढवलाय त्यानं. ते असते तर छापील किमतीला द्यावी लागली असती. म्हणजे हे वीस हजार डॅडींच्या मरणाचे आहेत. ते तू त्याला मोजून देणार?"

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्यानं हॉर्न वाजवला. वांडानं गाडी पुढे काढली.

डॉक्टर शनिवारी आला की नाही कोण जाणे, गाडी हलली नाही. मे संपला तरी ती तिथेच होती. लीटा जिल्हा ग्रंथालयात कामाला होती आणि लोकांनी विचारलेल्या वाट्टेल त्या गोष्टी फोनवरून शोधून द्यायची तिची नोकरी होती. आता ती जेवणाच्या सुट्टीत मागच्या पायरीवर बसून स्वतःसाठी फोन करू लागली. ओहायोतले डीलर झाले, इंडियाना झालं, पेनसिल्व्हेनिया झालं. छापील किमतीत विकता का, एवढा एकच प्रश्न. उत्तरं नाना परींची. कुणी म्हणे बाजारभाव, कुणी म्हणे दुर्मीळतेचं मूल्य. एकानं तर टायरमध्ये भरलेल्या खास हवेचेही पैसे लावले होते. एक जण म्हणाला, "बाई, छापील किमतीत मी माझ्या सासूलाही देणार नाही." लीटानं विचारलं, "सासू आवडते का तुम्हाला?" तो जरा विचार करून म्हणाला, "तसं नाही आवडत."

केंटकीतल्या हेझल फोर्क नावाच्या गावी फोन लागला तेव्हा पलीकडून एका बाईचा जाडाभरडा आवाज आला. "स्टिडम मोटर्स, डेल्फा बोलतेय. घास तोंडात आहे, जरा थांब." मग, "हं. बोल, पोरी."

लीटानं तोच प्रश्न विचारला.

"छापील किमतीतच विकते. माझ्या बापानंही तसंच विकलं. माझी गिऱ्हाइकं चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसतात गं. वीस हजार वर लावले तर मला चर्च बदलावं लागेल आणि इथे दुसऱ्या चर्चचं गाणं फार बेसूर आहे. पण तुझं नशीब वाईट. वर्षाला मला एकच मिळते तसली गाडी, ती जनावरांच्या डॉक्टरनं नेली."

"मला तसली नकोय, मिस डेल्फा. मला एक ठरावीकच हवीय," लीटाच्या तोंडून निघून गेलं. मग तिनं सगळं सांगितलं. पडद्यांना लावलेले नमुने सोडून सगळं.

पलीकडे बराच वेळ नुसता चघळल्याचा आवाज. मग डेल्फा म्हणाली, "एप्रिलपासून उभी आहे म्हणतेस?"

"हो."

"हाताच्या गिअरची. म्हणजे निम्म्या लोकांना चालवताच येणार नाही, आणि ज्यांना येते ते वीस हजार वर द्यायचे नाहीत. गाडी नुसती उभी असली तरी डीलरच्या डोक्यावर बँकेचं व्याज चढत असतं, पोरी. एक काम कर. त्याच्या मागच्या अंगणात जाऊन बघ, त्याच्याकडे काय नाहीये."

"काय नाहीये?"

"काय आहे ते कुणीही सांगेल. ज्या रांगेत खड्डा दिसेल ती रांग मला सांग."

लीटा संध्याकाळी शोरूमच्या मागच्या रस्त्यानं दोनदा गेली. छोट्या गाड्या खच्चून भरलेल्या. मोठ्या डिझेल पिकअपच्या जागी मात्र नुसतं डांबर आणि त्यावर तेलाचे डाग. नदीवर नव्या पुलाचं काम सुरू झालं होतं आणि ठेकेदारांना तसल्या पिकअप मिळता मिळत नव्हत्या.

"माझ्याकडे पांढऱ्या दोन उभ्या आहेत," डेल्फा म्हणाली. "इथे तंबाखूच्या शेतकऱ्यांना त्या परवडत नाहीत, त्यांचंही व्याज मीच भरतेय. आम्ही डीलर लोक आपापसांत गाड्यांची अदलाबदल करतो, माहीत आहे ना? माझ्याकडे गिऱ्हाईक, तुझ्याकडे गाडी, मग माल इकडचा तिकडे. पण तो ज्याला जेवढ्याला पडला तेवढ्याच भावात. तो पिवळा कागद राज्याची हद्द ओलांडत नाही. शुक्रवारी ये. तुझ्यासमोर फोन करते."

शुक्रवारी लीटा रजा टाकून गेली. पूल ओलांडून दोन तासांची वाट. डेल्फा साठीची, आडव्या बांध्याची, चष्मा केसांत खोचलेला. तिनं लीटाला समोर बसवलं, शेंगदाण्यांची बशी पुढे सरकवली, फोनचा स्पीकर चालू केला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"बॉलिंजर? हेझल फोर्कवरून डेल्फा स्टिडम. माझ्याकडे दोन पांढऱ्या डिझेल पिकअप आहेत."

"दोन?" बॉलिंजरचा आवाज एकदम जवळ आला. "काय हवंय तुम्हाला?"

"तुझ्याकडची हिरवी दोन सीटची. आणि दोन पिकअपची किंमत जेवढी वर जाते तेवढ्याचा चेक."

"हिरवी जरा अवघड आहे. तिला एक गिऱ्हाईक गळाला लागलंय."

"सही झाली?"

"सोमवारी होतेय. एक विधवा बाई आहे. नवऱ्याची आठवण म्हणून घेतेय. काल फोन आला होता तिचा, पूर्ण भाव मान्य आहे म्हणाली. मी दोन हजार सोडत होतो, तेही तिनं मागितले नाहीत!"

लीटाच्या हातातला शेंगदाणा तसाच राहिला. डेल्फानं तिच्याकडे पाहिलं. तिचा आवाज मात्र होता तसाच राहिला.

"मग राहू दे बाबा. पिकअपना गिऱ्हाइकं पुष्कळ आहेत."

"नाही नाही, थांबा ना. सोमवार दुपारपर्यंत थांबा. बाई आली तर आली. नाही आली तर हिरवी तुमची."

"सोमवारी दुपारी बारा. बाराच्या पुढे माझा फोन दुसऱ्याला जाईल," म्हणून डेल्फानं फोन ठेवला.

"ती विधवा माझी आई," लीटा म्हणाली.

"ते कळलं. तू पांढरी पडलीस तेव्हाच." डेल्फानं चष्मा केसांतून काढून पुसला. "मग आता मी करायचं असं काही राहिलं नाही. जा घरी, आईशी बोल."

वांडा स्वयंपाकघरात मक्याचा पाव कापत होती. लीटा आत आली, पर्स टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "तू बॉलिंजरला फोन केलास."

सुरी थांबली. "कुणी सांगितलं?"

"त्यानंच. मला नाही, माझ्यासमोर दुसऱ्या एका बाईला. तू त्याच्या गळाला लागलीयस म्हणाला. मासा लागतो तशी."

वांडानं पावाचे दोन तुकडे बशीत ठेवले, लोणी लावलं. एवढं सगळं नीट करून झाल्यावर म्हणाली, "लागले तर लागले. माझे पैसे आहेत."

"आहेत."

"तुला वाटतं मला कळत नाही? लुटतोय तो, मला दिसतंय. पण तू आपल्या घरी तुझ्या पुस्तकांत जाऊन बसतेस. मी इथे सकाळी दोन कप काढते आणि एक परत ठेवते. मला ती गाडी अंगणात पाहिजे. कितीला मिळते ते मला नको सांगूस."

लीटा बसली. ह्या खुर्चीत नेहमी डॅडी बसायचे हे दोघींच्याही एकदमच लक्षात आलं.

"मॉम, ते आम्हाला काय शिकवायचे? घसरायला लागलात की खड्ड्याकडे बघायचं नाही. जिकडे बघाल तिकडे गाडी जाते. जिथे जायचंय तिकडे बघा."

"मला नको शिकवूस त्याची वाक्यं. झोपेतसुद्धा तेच बडबडायचा तो."

"एकच दिवस मागतेय मी. सोमवारी जाऊ नकोस. फोन करून नको म्हण. गाडी तुझ्या अंगणात येईल, डॅडींनी ज्या भावात हात मिळवला होता त्याच भावात. आणि नाहीच आली तर मंगळवारी मी स्वतः तुला त्याच्याकडे नेईन आणि सही करताना पेन धरून देईन. एक शब्द बोलणार नाही."

"तू? आणि एक शब्द बोलणार नाहीस?" वांडा पहिल्यांदा हसल्यासारखी झाली. मग तिनं खिडकीतून अंगणाकडे बघितलं. "ती दुसरी बाई कोण?"

"केंटकीची आहे. छापील किमतीत विकते. नाही तर चर्च बदलावं लागेल म्हणते."

"बरी दिसते," वांडा म्हणाली.

सोमवारी सकाळी वांडानं चर्चला जाताना घालायचा ड्रेस घातला, नुसता फोन करायला. लीटा दारात उभी होती.

"मिस्टर बॉलिंजर, मी वांडा प्रूइट... हो, ठीक आहे... नाही, निघाले नाहीये. येणारच नाहीये. मला गाडी नको... नाही, दोन हजार कमी केलेत तरी नको... तीन तरी नको." तिच्या गालावर रंग चढत चालला होता. "असं बघा, माझ्या नवऱ्यानं निम्म्या गावाला एक शिकवलंय, समोरचा घाईला आला की आपण ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. मी उचललाय." तिनं फोन ठेवला आणि छातीवर हात ठेवून खुर्चीत बसली. "अगं बाई! त्याच्या अंगावर गेलेच की मी!"

बारा वाजायच्या आतच डेल्फाचा फोन आला. "हो म्हणाला. माझ्या ऑर्व्हिलला उद्या पाठवतेय. दोन पिकअप, म्हणजे दोन ड्रायव्हर लागतील. माझ्याकडे एकच मोकळा आहे." मग जरा थांबून, "तुला क्लच दाबता येतो ना, पोरी?"

"मी कोचची मुलगी आहे."

"तेच विचारत होते."

मंगळवारी पहाटे मायलेकी वांडाच्या जुन्या गाडीतून हेझल फोर्कला पोचल्या. वांडाला डेल्फाच्या ऑफिसात शेंगदाण्यांसमोर बसवून लीटा पिकअपवर चढली. पुढच्या पिकअपमध्ये ऑर्व्हिल, सत्तरीचा, निवृत्त पोस्टमन. अदलाबदलीच्या गाड्या पोचवणं हा त्याचा म्हातारपणीचा छंद. पेट्रोल आणि जेवण मिळालं तर तो चंद्रावरही गाडी पोचवून आला असता.

ॲश्बीच्या शोरूमबाहेर ठेकेदाराचा माणूस वाटच बघत होता. पिकअप उभ्या राहिल्या न राहिल्या तोच तो टायर लाथाडून बघायला लागला. बॉलिंजर हसत हसत बाहेर आला. ऑर्व्हिलनं कागद पुढे केले, बॉलिंजरनं सह्या केल्या, दोन्ही किल्ल्या ठेकेदाराच्या माणसाच्या हातात पडल्या आणि मगच लीटा पिकअपच्या मागून पुढे आली.

बॉलिंजरचं हसू जागच्या जागी राहिलं. "मिस प्रूइट? तुम्ही इथे?"

"गाडी न्यायला आलेय."

"तुमच्या आईनं तर नको म्हणून..."

"आईनं नकोच म्हटलंय. मी आज मिस स्टिडमची ड्रायव्हर आहे."

त्यानं ऑर्व्हिलकडे पाहिलं, कागदांकडे पाहिलं, मग ठेकेदाराच्या माणसाकडे. तो माणूस एका पिकअपमध्ये बसून सीट मागे-पुढे करण्यात रमला होता. "एक मिनिट. हे बरोबर नाही. ही गाडी कुणासाठी नेताय तुम्ही?"

"ते विचारायचं तर सहीच्या आधी विचारायचं असतं, साहेब," ऑर्व्हिल शांतपणे म्हणाला. "आता तुम्ही त्या माणसाकडून किल्ल्या मागून घेणार का? तो तुमच्यापेक्षा बराच दणकट दिसतोय."

बॉलिंजर मान हलवून हसला. त्या हसण्यात थोडी दादही होती. "बाजारात असं होतं कधी कधी," म्हणाला.

"होतं ना," लीटा म्हणाली.

आत हिरवी गाडी होती तिथेच होती. दोन सेल्समन मोठी काचेची दारं सरकवू लागले. त्यातला एक म्हणाला, "आम्ही चौघं मिळून ढकलतो बाहेर. आतही ढकलतच आणली होती. इथे कुणालाच येत नाही ना चालवता."

"ढकलू नका," लीटा म्हणाली.

ती काचेपाशी गेली. पिवळ्या कागदाचा कोपरा तिनं नखानं उचलला. हळूहळू, फाटू न देता, सगळाच्या सगळा सोलून काढला आणि बॉलिंजरच्या हातात दिला. "हा तुमचा. जपून ठेवा, पुढच्या विधवेला लागेल."

मग आत बसली. सीट डॅडींच्या मानानं नाही, कारखान्याच्या मानानं लावलेली होती. तिनं पुढे ओढून घेतली. दांड्यावरचं प्लास्टिक काढलं. क्लच दाबला. इंजिन जागं झालं तेव्हा शोरूमच्या सगळ्या काचा एकदम थरथरल्या आणि मागच्या खोलीतल्या मुली दारात धावल्या. आरसा नीट केला. पहिला गिअर. गाडी गुळगुळीत फरशीवरून, दोन्ही दारांच्या मधून, जराही न गचकता बाहेर उन्हात आली. शेजारी बसलेल्या ऑर्व्हिलनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"असं लोण्यासारखं कुणी शिकवलं?"

लीटाला उत्तर द्यायला पुलापर्यंत वेळ लागला. ऑर्व्हिलनंही घाई केली नाही.

हेझल फोर्कला डेल्फानं कागद तयार ठेवले होते. किंमत तीच, कारखान्यानं छापलेली. वांडानं सही करून पेन ठेवलं. लीटानं विचारलं, "मॉम, तुझी गाडी कुठंय? बाहेर दिसत नाही."

"विकली."

"काय?"

"डेल्फाला. चांगला भाव दिला तिनं. तेवढे पैसे ह्यात वळते केले."

"अगं, पण मग तू चालवणार काय? ही तुला कुठे येते? डॅडींनी एकदा शिकवायला घेतलं तर तू गाडी रस्त्यात सोडून चालत घरी आली होतीस!"

"ओरडायचा तो. परक्या पोरांना एवढा गोड बोलायचा आणि मला ओरडायचा." वांडानं पर्स काखेत मारली. "तू ओरडू नकोस म्हणजे झालं."

डेल्फा दारापर्यंत आली. तिनं वांडाला मिठी मारली, मग लीटाच्या हातात शेंगदाण्यांची पिशवी कोंबली. "आणि परत माझ्याकडे येऊ नका. माझ्याकडे वर्षाला एकच येते."

ॲश्बी जवळ आलं तेव्हा दुपार कलली होती. शाळेकडे जाणाऱ्या चढाच्या अलीकडे लीटानं पेट्रोल पंपावर थांबून कागदी कपात कॉफी घेतली. काठोकाठ. वांडानं ओळखलं. चढाच्या अगदी मध्यावर थांबण्याची पाटी होती. गावातल्या प्रत्येकाला ती माहीत होती. कोच तिथे आणून गाडी थांबवायला लावायचे, भरलेला कप समोर डॅशबोर्डवर ठेवायचे आणि म्हणायचे, आता निघ. मागे न घसरता. सांडली तर गाडी तू धुवायचीस.

लीटानं कप समोर ठेवला. पाटीपाशी गाडी थांबली. मागे एक पिकअप येऊन उभी राहिली, अगदी चिकटून. लीटानं मागे पाहिलं नाही. वरच्या झाडांकडे, रस्ता वळतो तिकडे पाहिलं. क्लच हळूहळू सोडला. गाडीनं अंग उचललं आणि वर निघाली. कॉफी कपाच्या काठापर्यंत आली, काठावर टेकली आणि परत खाली बसली.

"बघितलंस, हॉलिस?" वांडा समोर बघत म्हणाली. अगदी साध्या आवाजात, शेजारच्या खोलीत हाक मारावी तशी.

वर शाळेचं भलंमोठं रिकामं पार्किंग होतं. जूनमध्ये तिथे कोणी नसतं. लीटानं गाडी मधोमध उभी केली आणि उतरून पलीकडे गेली. वांडा स्टीअरिंगमागे बसली, सीट मागे घेतली, पुढे घेतली, चपला काढून ठेवल्या.

"डावा पाय पूर्ण खाली," लीटा म्हणाली. "आता पहिला गिअर. आता अगदी हळू सोड. अगदी... मॉम, हळू!"

गाडीनं बैलासारखी उडी घेतली आणि बंद पडली. कॉफी डॅशबोर्डवरून, दांड्यावरून, लीटाच्या स्कर्टवरून वाहिली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग वांडाला हसू फुटलं. फेब्रुवारीपासून घरात न ऐकू आलेलं, डोळ्यांतून पाणी काढणारं हसू. लीटाही हसायला लागली आणि हसता हसता तिचं खाली लक्ष गेलं. तिचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर गच्च दाबलेला होता. जिथे ब्रेक नव्हता, तिथे.

तिनं तो काढला नाही.

"धुवायची मी," वांडा डोळे पुसत म्हणाली. "पण आधी परत एकदा."